दोन लेसनच्या मधले दिवस

पहिल्या भेटीत गोल्फच्या कोचने माझ्या हातात क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, देण्याआधी विचारलं, ‘‘मॅडम, दोन सेशनच्या मधल्या दिवसांत तुम्ही स्वतः किती वेळा रेंजवर याल?’’ रेंज म्हणजे नुसते बॉल मारून सराव करायची जागा. मी सांगितलं, आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, सकाळी ऑफिसच्या आधी. ‘‘मग आठवड्याला एक सेशन पुरे. तेही सुरुवातीचे दोन महिने. पुढचं पुढे बघू.’’ त्यांच्याकडे बारा सेशनचं पॅकेज होतं. एकेका सेशनच्या हिशेबाने ते स्वस्त पडत होतं, पण तीन महिन्यांत संपवायची अट होती. कोच स्वतःच म्हणाले की ते आत्ता घेऊ नका, चार घ्या. स्वतःची कमाई कमी होईल असा सल्ला ज्या माणसाने पहिल्याच दिवशी दिला, त्याच्याकडेच शिकायचं हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

तेव्हापासून लेसन कधी घ्यायचे आणि किती, हा प्रश्न दर काही महिन्यांनी नव्याने उभा राहतो आणि दर वेळी उत्तर वेगळं निघतं. नव्याने गोल्फकडे वळलेल्या मैत्रिणी मला हेच विचारत असतात. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, ते आता सलग लिहून काढते आहे.

मी या खेळाकडे वळले ते २०२१ च्या ऑगस्टमुळे. टोकियो ऑलिंपिकच्या शेवटच्या शनिवारी पहाटे अदिती अशोक पदकाच्या अगदी उंबरठ्यावर होती, आणि कांस्यपदक एका फटक्याने हुकून ती चौथी आली. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या गटात आपल्या पुण्याचा उदयन मानेही खेळला होता. अदितीची बॅग तिची आई घेऊन चालत होती, तेही मनात राहिलं. पण सगळ्यात जास्त राहिलं ते हे, की तिच्या गटातल्या इतर खेळाडू टीवरून, म्हणजे होल सुरू होतो त्या जागेवरून, तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारत होत्या आणि ही पोरगी ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पटर या बॉल घरंगळवायच्या क्लबच्या जोरावर त्यांच्या बरोबरीने टिकून होती. लांब मारता येत नसेल तर हा खेळ आपल्यासाठी नाही, असं मला तोवर वाटत होतं. माझं वय तेव्हा चव्वेचाळीस. त्या पहाटे ती समजूत गेली.

आमच्या घरात गोल्फ नवा नव्हता. बाबा सैन्यात होते, आणि छावणी म्हटली की बहुतेक ठिकाणी जवळपास गोल्फचं मैदान असायचंच. महूला आणि निलगिरीतल्या वेलिंग्टनला असताना मी त्यांच्याबरोबर नुसतीच चालत जायची. बाबांनी आयुष्यात एकही लेसन घेतला नव्हता. ते कॅडींकडून, म्हणजे खेळाडूची बॅग घेऊन बरोबर चालणाऱ्यांकडून, शिकले, सीनियर अधिकाऱ्यांचं बघून शिकले. आपल्या देशात कितीतरी चांगले खेळाडू असेच घडले आहेत. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडीचं काम करत वर आलेला. त्यामुळे मी कोच लावते आहे म्हटल्यावर बाबा म्हणाले, ‘‘अगं, शिकवण्या कसल्या लावतेस? खेळत राहा. खेळूनच येतं.’’

‘‘बाबा, तुमच्या क्वार्टरपासून पहिली टी किती लांब होती?’’

‘‘चालत दहा मिनिटं.’’

यातच सगळं आलं. जो रोज संध्याकाळी नऊ होल चालू शकतो, ज्याच्याबरोबर रोज तोच जाणता कॅडी असतो, त्याला वेगळ्या लेसनची गरज कमी पडते, कारण त्याचा प्रत्येक फटका कुणीतरी बघत असतं. मला आठवड्यात दोन सकाळी आणि एखादा रविवार मिळतो, आणि रेंजवर मी एकटीच असते. बघणारं माणूस मला ठरवून, पैसे देऊन आणावं लागतं. मग त्याला कधी आणायचं, याचा विचार नीट करायला हवा.

पहिल्या दोन महिन्यांत दर आठवड्याला एक सेशन असण्यामागे कारण होतं ते ग्रिपचं, म्हणजे क्लब धरण्याच्या पद्धतीचं. गोल्फमध्ये शरीराचा क्लबशी संबंध फक्त दोन हातांनी येतो. डावा हात वरून पाहिला की मुठीचे दोन सांधे दिसले पाहिजेत, अंगठा आणि तर्जनी यांमध्ये जी खाच होते ती उजव्या खांद्याकडे रोखलेली हवी, क्लबची दांडी तळव्यात न घेता बोटांमध्ये घ्यायला हवी. ऐकताना सोपं वाटतं. पण हाताला हे सगळं परकं लागतं, आणि दहा-बारा बॉल मारले की बोटं आपल्या आपण सोयीच्या जागी सरकतात. सरकलेल्या ग्रिपने मी महिनाभर सराव केला असता तर तीच ग्रिप पक्की झाली असती. म्हणून त्या काळात मधलं अंतर लहान हवं. कोच नवीन फारसं काही शिकवतच नसत. ग्रिप, उभं राहण्याची पद्धत, कमरेतून वाकणं, पावलं आणि खांदे लक्ष्याच्या रेषेला समांतर आहेत का, एवढंच तपासत. घरी मी बातम्या बघताना सेव्हन आयर्न हा मधल्या अंतराचा क्लब हातात घेऊन बसायची. धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. बॉल न मारता केलेला तो सराव मला रेंजवरच्या बॉलच्या एका बकेटइतकाच मोलाचा वाटतो.

त्यानंतर आला स्लाइस, आणि लेसनमधलं अंतर वाढवायला मी शिकले ती त्याच्यामुळे. उजव्या हाताने खेळणाऱ्या बहुतेक नवशिक्यांचा बॉल हवेत उजवीकडे वळत जातो. का वळतो हे कोचने मला कागदावर काढून दाखवलं. बॉल कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबचा चेहरा, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, कुठे बघतोय त्यावर ठरतं. तो हवेत किती आणि कुठे वळणार, हे चेहऱ्याची दिशा आणि क्लबच्या मार्गाची दिशा यांच्यात किती फरक आहे त्यावर. माझा क्लब बाहेरून आत, म्हणजे डावीकडे कापत जात होता, आणि चेहरा त्या मार्गाच्या मानाने उघडा राहत होता. बॉलला तिरपी फिरकी मिळायची आणि तो उजवीकडच्या झाडांत जायचा.

कोचने आधी ग्रिप किंचित उजवीकडे फिरवून चेहरा बंद करायला शिकवलं. आता काय होणार बघा. चेहरा सुधारला, पण मार्ग अजून जुनाच, डावीकडे कापणारा. त्यामुळे बॉल आता सरळ डावीकडे जाऊ लागला. आधी निदान फेअरवेच्या, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या, कडेला पडायचा, आता थेट बाजूच्या होलवर. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, लेसन घेऊन खेळ बिघडला. प्रत्यक्षात अर्धी दुरुस्ती झाली होती आणि अर्धी बाकी होती. शरीर पूर्वी उघड्या चेहऱ्याची भरपाई म्हणून डावीकडे ओढत होतं. चेहरा बंद झाल्यावर ती ओढ नको आहे, हे त्याला कळायला वेळ लागतो, आणि हळूहळू ते मार्ग आपणहून बदलू लागतं. उरलेलं काम पुढच्या लेसनमध्ये होतं.

या अधल्यामधल्या दिवसांत धीर सुटतो आणि माणूस चौथ्या दिवशी पुन्हा कोचकडे जातो. मलाही फोन करावासा वाटला होता. कोचने आधीच सांगून ठेवलं होतं, ‘‘मॅडम, आता बॉल डावीकडे जाईल. जाऊ दे. तीन आठवडे मला काही दाखवू नका.’’ हा एक वाक्याचा इशारा मिळाला नसता तर मी बरोबर असलेली गोष्ट मोडून घेतली असती. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या बदलाआधी मी दोन गोष्टी विचारून घेते: यानंतर काय बिघडलेलं दिसेल, आणि किती दिवस बिघडलेलं दिसणं ठीक आहे? पुढचा लेसन कधी, हे त्या उत्तरावर ठरतं. कॅलेंडरवर सरसकट ‘दर शनिवार’ लिहून ठेवण्यापेक्षा हे मला कितीतरी पटतं.

लेसनच्या दिवशी बॉल सुंदर उडतो आणि रविवारी मैदानावर त्याचा मागमूस राहत नाही, ही सगळ्यांचीच तक्रार. याचा उलगडा मला एका जुन्या प्रयोगाच्या वर्णनातून झाला. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी लोकांना हाताच्या काही हालचाली शिकवल्या. एका गटाने एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून मग पुढची घेतली, दुसऱ्याने सगळ्या उलटसुलट क्रमाने केल्या. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. नंतर काही दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा दुसऱ्या गटाला जास्त लक्षात राहिलं होतं. गोल्फच्या लेसनमध्ये आपण पहिल्या गटासारखे असतो: तोच क्लब, तेच लक्ष्य, शेजारी कोच. मैदानावर मात्र लांब मारायच्या ड्रायव्हरनंतर आयर्न, मग जवळच्या फटक्यांचा वेज, मग पटर, आणि दोन फटक्यांच्या मध्ये पाच-दहा मिनिटं चालणं.

म्हणून मी मधल्या दिवसांच्या सरावाचे दोन भाग केले. लेसननंतरच्या पहिल्या सकाळी एकच क्लब, एकच गोष्ट, हळू आणि अर्ध्या स्विंगने. पुढच्या सकाळी प्रत्येक बॉलला क्लब बदलायचा, लक्ष्य बदलायचं, प्रत्येक वेळी मागे जाऊन पुन्हा उभं राहायचं. एक बकेट संपायला दुप्पट वेळ लागतो आणि फटके कमी देखणे येतात. पण ही दुसरी सकाळ झाल्याशिवाय पुढचा लेसन घ्यायचा नाही, हे मी पक्कं केलं आहे. ऑफिसमध्ये तिमाही संपत असली की ती सकाळ मिळत नाही. मग मी लेसन सरळ पुढे ढकलते. कोचला आदल्या दिवशी कळवलं की त्यांचीही हरकत नसते.

आता महिन्यांबद्दल. पुण्यात बहुतेक लोक लेसन सुरू करतात ते दिवाळीनंतर. हवा छान, फेअरवे कोरडे, ग्रीन चांगली, खेळावंसं वाटतं. मी उलटं करते. स्विंगमधला मोठा बदल जूनमध्ये सुरू करते. पावसाळ्यात मैदान मऊ होतं, बॉल पडला तिथेच रुततो, पुढे घरंगळत नाही, फेअरवेवर बॉल उचलून पुसून ठेवायची मुभा द्यावी लागते, विजा कडाडल्या की खेळ थांबतो. त्या दिवसांत स्कोअरला, म्हणजे कार्डावरच्या फटक्यांच्या आकड्याला, फारसा अर्थ नसतो आणि आमच्या मित्रमंडळींच्या स्पर्धाही नसतात. खेळ बिघडायचा असेल तर तो तेव्हा बिघडलेला बरा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे खेळण्याचे महिने. तेव्हा स्विंगला हात लावायचा नाही, पटिंग आणि ग्रीनभोवतालचे छोटे फटके एवढ्याचेच लेसन.

पावसाळी लेसनमध्ये एक अडचण आहे आणि ती नवीन माणसाला कुणी सांगत नाही. रेंजवर तेव्हा गवताऐवजी मॅटवरून मारावं लागतं. आयर्नने बॉल आधी लागला पाहिजे आणि जमीन नंतर. क्लब बॉलच्या मागे जमिनीला लागला तर गवतावर तो मातीत अडकतो आणि बॉल जेमतेम निम्म्या अंतरावर जातो. मॅटवर मात्र क्लब उसळून पुढे सरकतो आणि बॉल बऱ्यापैकी उडतो. कानाला आवाज जरा बोथट येतो, पण डोळ्यांना फटका ठीक दिसतो. चार महिने मॅटवर शिकून ऑक्टोबरमध्ये गवतावर उतरलेल्या माणसाचा त्यामुळे भ्रमनिरास होतो. आमच्या कोचचा उपाय साधा आहे. घडी केलेला टॉवेल बॉलच्या मागे वीतभर अंतरावर ठेवायचा. क्लब टॉवेलला लागला की फटका चुकला, बॉल कितीही छान गेलेला असो. पावसाळ्यात शिकायचं असेल तर टॉवेलशिवाय शिकू नका, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. आणि सप्टेंबरच्या शेवटी, गवत वापरता येऊ लागलं की एक सेशन त्याच्यासाठी राखून ठेवा.

वारही महत्त्वाचा. मला राउंड मिळतो तो रविवारी, म्हणून लेसन मंगळवारी. शनिवारी लेसन घेऊन रविवारी खेळायला गेलं की डोक्यात सूचनाच सूचना असतात: डावा हात, उजवं कोपर, कंबर, वजन. बॉलसमोर उभं राहून इतक्या गोष्टींचा विचार करत स्विंग करता येत नाही. स्विंगला दीड सेकंदही लागत नाही, त्यात एक विचार मावला तरी खूप. मंगळवार ते रविवार या दिवसांत सूचना गळत गळत एक उरते. ती एक मी वहीत लिहिते, तारीख घालून, माझ्याच शब्दांत. कोचचे शब्द तसेच्या तसे लिहिले तर आठवड्याने त्यांचा अर्थ लागत नाही. ‘डाव्या खिशाला मागे ओढ’ असं माझं वाक्य लागतं. लेसन संपल्यावर लगेच निघत नाही, अर्धा तास तिथेच थांबते, थोडेच बॉल मारते आणि मग लिहिते. म्हणजे एका तासाच्या सेशनसाठी माझ्याकडे दीड तास मोकळा हवा. तो नसेल त्या दिवशी अर्ध्या तासाचं सेशन घ्यायचं. छोटं सेशन कमी प्रतीचं नसतं. एकच गोष्ट दाखवायची असेल तर अर्धा तास भरपूर होतो.

मधल्या दिवसांत मोबाइलचा उपयोग होतो, पण व्हिडिओ दोनच बाजूंनी घ्यायचा: समोरून, आणि मागून लक्ष्याच्या रेषेत, मोबाइल हातांच्या उंचीवर. तिरक्या कोनातून काढलेल्या व्हिडिओत सरळ मार्गही वाकडा दिसतो आणि नको ती काळजी मागे लागते.

साधारण सहा महिन्यांनी आठवड्याचं सेशन तीन आठवड्यांवर गेलं. तो निर्णय मी एका खुणेवरून घेतला. बॉल चुकीचा गेल्यावर तो का गेला हे मला कोचने तोंड उघडण्याआधी सांगता येऊ लागलं. दर वेळी बरोबर असायचं असं नाही, पण निम्म्याहून जास्त वेळा. ज्याला स्वतःच्या फटक्याचं कारण वाचता येतं, तो तीन आठवडे एकटा राहू शकतो. ज्याला अजून येत नाही, त्याने मधलं अंतर वाढवू नये, मग तो दोन वर्षं शिकत असो.

त्याच सुमारास मी हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्यासाठी, कार्डं देऊ लागले. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे: शेवटच्या वीस राउंडपैकी सर्वांत चांगल्या आठांची सरासरी धरतात, आणि सुरुवात करायला एकूण ५४ होलची कार्डं पुरतात. हँडिकॅपच्या आकड्यापेक्षा मला त्या कार्डांचा जास्त फायदा झाला. प्रत्येक होलसमोर मी पटची, म्हणजे पटरने मारलेल्या फटक्यांची, संख्या वेगळी लिहीत होते. पार, म्हणजे अपेक्षित फटके, ७२ असलेल्या मैदानावर अठराही ग्रीनवर प्रत्येकी दोन पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके, बरोबर निम्मे. माझ्या कार्डांवर तीन पटची होल सारखी दिसत होती, आणि बहुतेक वेळा पहिलाच पट फार आखूड किंवा फार लांब पडलेला. दिशा बरी होती, अंतर चुकत होतं. त्यावरून पुढचे सगळे लेसन पटिंगचे घ्यायचे ठरवलं. कोचला कार्डं दाखवली तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. पटिंगचे लेसन मागायला कुणी येतच नाही, म्हणाले, सगळ्यांना ड्रायव्हर हवा असतो.

पटिंगचे लेसन मला या खेळातले सगळ्यात समाधानाचे वाटतात. अर्धा तास, प्रॅक्टिस ग्रीनवर, वाकून. लांबच्या पटला बॉल होलमध्ये जावा अशी अपेक्षाच करायची नाही, होलभोवती हातभराचं रिंगण मनात आखायचं आणि त्यात थांबवायचा. ग्रीनवर बर्म्युडा गवत असेल तर पात्यांचा कल बघायचा. कलाच्या दिशेने बॉल जास्त पळतो, उलट गेला की अडखळतो. सकाळी दव असताना तीच ग्रीन संथ असते आणि अकराच्या उन्हात वेगवान. म्हणून पटिंगचा लेसन ज्या वेळी आपण खेळतो त्याच वेळी घ्यावा. सकाळी सातला खेळणाऱ्याने संध्याकाळी पाचला पटिंग शिकून अंतराचा अंदाज कसा पक्का व्हावा? आणि या लेसनांमध्ये अंतर फार ठेवायची गरज नसते, कारण सराव घरी होतो. आमच्या दिवाणखान्यातल्या सतरंजीवर मी रोज रात्री दहा मिनिटं पट करते.

वर्षातून एकदा, साधारण नोव्हेंबरमध्ये, मी कोचबरोबर नऊ होल खेळते. हा लेसन रेंजवरच्या लेसनपेक्षा महाग पडतो, पण हंगामात एकदा तो घ्यावाच. त्यात स्विंगबद्दल जवळजवळ काही बोलणं होत नाही. पाणी समोर असताना कोणता क्लब घ्यायचा, झाडाखालून बॉल नुसता आडवा काढून फेअरवेवर कधी आणायचा, बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, टाळायला ग्रीनच्या कोणत्या बाजूला चुकलेलं परवडतं, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. स्पर्धेत हे कुणाला विचारता येत नाही. राउंड चालू असताना आपला कॅडी किंवा जोडीदार सोडून दुसऱ्याकडून सल्ला मागितला तर दोन फटक्यांचा दंड बसतो. म्हणून ते आधी शिकून ठेवायचं. माझ्याबरोबर नेहमी चालणारे कॅडीदादा या सेशनलाही असतात. कोच स्विंग ओळखतात, पण त्या मैदानाच्या ग्रीन दादांइतक्या कुणाला माहीत नाहीत, आणि हे कोचही मान्य करतात. दोघं एका पटवर वाद घालत होते तेव्हा मी जितकं शिकले तितकं एरवी एखाद्या पूर्ण सेशनमध्ये शिकत नाही.

सल्ल्याबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. रेंजवर एकटी बाई सराव करताना दिसली की शेजारच्या मॅटवरून कुणी ना कुणी शिकवायला येतं. हेतू बहुधा चांगला असतो. पण ज्या दिवसांत मी अर्ध्या दुरुस्तीत असते, बॉल मुद्दाम डावीकडे जाऊ देत असते, त्या दिवसांत बाहेरच्या माणसाचं एक वाक्य तीन आठवड्यांचं काम उलथवू शकतं. ‘‘काका, माझं कोचबरोबर एक काम चालू आहे, ते पुरं होऊ दे,’’ एवढं मी हसून सांगते आणि पुढचा बॉल लावते. कोच बदलायचा असेल तर जरूर बदलावा, पण एक बदल पूर्ण झाल्यावर, दोघांकडे एकाच वेळी शिकू नये.

गेल्या हिवाळ्यात बाबांनी स्वतःहून विचारलं, तुझे कोच मला अर्धा तास देतील का? पाठीमुळे त्यांना पूर्वीसारखं वळता येत नाही. कोचने त्यांचा स्विंग बदलायचा विचारही केला नाही. दोन्ही पावलं थोडी बाहेर वळवायला सांगितली, म्हणजे कंबर सहज फिरते, आणि मागे जाणारा स्विंग तीन-चतुर्थांशावर थांबवायला. लांबी थोडी गेली, दुखणं कमी झालं. पुढचं सेशन कधी, असं मी विचारलं, तर कोच म्हणाले, ‘‘सरांना पुन्हा दुखलं तर. नाहीतर नको.’’ त्या वयाला आणि त्या अनुभवाला एवढाच लेसन हवा होता. आता बाबा रविवारी माझ्याबरोबर नऊ होल चालतात आणि माझ्या स्विंगबद्दल अवाक्षर काढत नाहीत. याबद्दल मी त्यांची फार आभारी आहे.

यंदाच्या जूनसाठी ड्रायव्हरच्या स्विंगचं काम घेतलं आहे. क्लब खाली येताना अजून जरा वरून येतो आणि बॉल गरजेपेक्षा उंच चढतो. क्लब खालून वर जाताना बॉलला लागला पाहिजे. कोचच्या अंदाजाने गणेशोत्सवापर्यंत खेळ बिघडलेला दिसेल. दर दुसऱ्या मंगळवारी एक सेशन, मधे माझ्या चार सकाळी, आणि ऑफिसची तिमाही संपते त्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात काही नाही. पटिंग चालूच राहील. ऑक्टोबरचा पहिला मंगळवार गवतासाठी राखून ठेवायला सांगितलं आहे.